लोहाराची निशाणी

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणात गेली कित्येक वर्षे पितळेची एक पाटी पडून आहे. चार बोटे लांब, जेमतेम दोन बोटे रुंद, कडांशी किंचित वळलेली आणि खिळ्यांची तीन भोके असलेली. तिची वरची बाजू खांद्याच्या घर्षणाने इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यावर कधी काही कोरलेले असलेच तर ते केव्हाच पुसून गेले असावे. परंतु पाटी उलटी केली म्हणजे लाकडाला चिकटून राहणाऱ्या, आणि म्हणूनच कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या, आतल्या अंगावर छिन्नीच्या टोकाने उमटविलेली तीन टिंबे व त्यांच्याखाली एक चंद्रकोर स्पष्ट दिसते. आमच्या घरातील ठासणीच्या बंदुकीच्या दस्त्याला बुडाशी ही पाटी ठोकलेली होती. दस्ता तडकला तेव्हा लोहाराने नवा बसविला, नवी पाटी ठोकली आणि जुनी आजीच्या हाती दिली. बंदूक आता नाही. पाटी तेवढी राहिली.

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तहसिलीतील एका लहानशा गावची मालगुजारी माझ्या आजोबांकडे होती. १९५१ साली मालगुजारी गेली, त्याबरोबर वाड्यातून दप्तराचे गठ्ठे गेले, कामदार गेला, दारापुढची वर्दळ गेली; बंदूक मात्र राहिली, कारण ती मालगुजारीची नव्हती, ज्वारीची होती. कणसात दाणा भरू लागला की रानडुकरांचा आणि रोह्यांचा उपद्रव सुरू होई, शेतात माळा उभा राही आणि जागलीला जाणाऱ्या गड्याच्या खांद्यावर ही बंदूक दिसे. तिने कधी एखादे जनावर पाडल्याचे मला स्मरत नाही. रात्री दोन प्रहरी एक बार आकाशाकडे निघे, पाठोपाठ गावातली सारी कुत्री भुंकू लागत, आणि आम्ही मुले पांघरुणातच आनंदाने एकमेकांना चिमटे काढीत असू.

तिची देखभाल गावचा लोहार करी. त्याला सारे मिस्त्री म्हणत. एका पावसाळ्यानंतर नळीत गंज धरला म्हणून वडिलांनी ती गरम पाण्याने धुण्याऐवजी थोडी शेकून काढावी असे ठरविले आणि ते तिला भात्यापाशी घेऊन गेले, तो प्रसंग मला आजही जसाच्या तसा दिसतो. मिस्त्रीने हात आडवा घातला. "थांबा मालक, हिले आगीत नोका टाकू. पोटात काय हाये ते तिलेच ठाव." मग त्याने गज नळीत सोडला, नळीच्या तोंडाशी गजावर जेथे अंगठा टेकला तेथेच तो दाबून धरला, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून कानापर्यंत, म्हणजे बार पेटविण्याच्या भोकापर्यंत, आडवा ठेवला, आणि आम्हांला दाखविले की गज कानाच्या चार बोटे अलीकडेच थांबतो आहे. म्हणजे आत बार भरलेला होता. गेल्या हंगामात कोणीतरी भरून विसरला होता. त्या चार बोटांच्या अंतरात आमच्या वडिलांचा जीव होता, ही गोष्ट त्या वयातही मला कळली. आणि गणिताची जी थोडीबहुत गोडी मला पुढे लागली तिचा उगम शाळेत नसून त्या भात्यापाशी आहे असे मी मानतो.

आजोबा वारले. परवाना त्यांच्या नावाचा होता. वारसाच्या नावे तो करून घेईपर्यंत बंदूक ठाण्याच्या मालखान्यात जमा करावी लागली, आणि ते योग्यच होते. पुढे दाखले, प्रतिज्ञापत्रे, तारखा आणि फेऱ्या ह्यांत वडील थकले, मुदत टळली, बंदूक शासनजमा झाली. बऱ्याच वर्षांनी मी एका कचेरीत चौकशी केली तेव्हा सदरहू शस्त्र नियमानुसार निकाली काढण्यात आले, अशा अर्थाचे एका ओळीचे उत्तर मिळाले. त्या उत्तरात बेकायदा असे काही नव्हते. भंगाराच्या वजनात तिचे किती पैसे झाले असतील हे मात्र कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

ही घरगुती कहाणी आज वर्तमानपत्रात सांगण्याचे निमित्त नागपूरकर भोसल्यांच्या तलवारीचे आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडन येथील सदबीज ह्या लिलावगृहात पहिल्या रघूजी भोसल्यांचे नाव देवनागरीत कोरलेली एक तलवार विक्रीस निघाली, महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून ती मिळविली, आणि ऑगस्टात ती मुंबईस आली. विदर्भातील कोणत्याही माणसाला ह्याचा आनंदच व्हावा, मलाही झाला. परंतु लंडनच्या लिलावातून तलवार सोडवून आणणारे हात आणि मालखान्यातील बंदूक मोडीत घालणारे हात एकाच शासनाचे आहेत हा विचार आला, आणि आनंदाला किंचित कडवट चव आली. तलवार आली ती तिच्यावर नाव होते म्हणून. आणि ते नाव धन्याचे होते, घडविणाऱ्याचे नव्हे. पाते तर युरोपीय घडणीचे आहे असे सांगतात. आमच्या बंदुकीवर धन्याचे नाव नव्हते, घडविणाऱ्याची खूण होती, आणि तीही पाटीच्या आतल्या अंगाला, पुढे कधी दस्ता उघडणाऱ्या दुसऱ्या एखाद्या लोहाराखेरीज कोणी पाहू नये अशा जागी.

घडविणाऱ्याचे नाव टिकले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर थोडे दूर, अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियापर्यंत जावे लागते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन आणि स्विस मुलखांतून तेथे येऊन वसलेल्या बंदूकसाजांनी आपल्याबरोबर मायदेशची आखूड आणि मोठ्या तोंडाची शिकारी बंदूक आणली होती. पण रानात शिसे दुर्मिळ, दारू महाग आणि वस्त्या कोसांच्या अंतरावर. म्हणून हळूहळू नळीचे तोंड लहान झाले, नळी लांबत लांबत ४२ ते ४६ इंचांपर्यंत गेली, आतले मळसूत्री आटे कायम राहिले, दस्त्यासाठी त्या प्रदेशातील लहरी रेषांचा मेपल वापरात आला आणि त्या दस्त्यात तेलकट चिंध्या ठेवण्यासाठी झाकणाची पितळी डबी बसली. गोळी चिंधीत गुंडाळून ठासायची, म्हणजे ती आट्यांना घट्ट धरून फिरत जाते आणि लांबवर नेम साधते. तिलाच पुढे तिकडे लांब रायफल म्हणू लागले. आणि न्यू ऑर्लिन्सच्या १८१५ मधील लढाईचे एक गाणे लोकप्रिय झाले तेव्हापासून पेन्सिल्व्हेनियाच्या कारागिरांचे श्रेय केंटकी ह्या भलत्याच प्रांताच्या पदरी पडले. लोकगीतांपुढे इतिहासाचे काही चालत नाही, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

ह्या कारागिरांपैकी बऱ्याच जणांनी आपले नाव अष्टकोनी नळीच्या वरच्या पट्टीवर कोरून ठेवले. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट, लेबननचा जॉन फिलिप बेक, मोराव्हियन पंथाच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग ह्या वसाहतीत काम करणारा अँड्रियास आल्ब्रेख्ट ही नावे आज तेथील संग्राहकांच्या तोंडी आपल्याकडील घराण्यांच्या गवयांसारखी असतात. यॉर्क येथील जो किंडिग नावाच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने आयुष्यभर ह्या बंदुका जमविल्या, कारागीरवार लावल्या, आणि १९६० मध्ये त्यांवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून हा केवळ हौसेचा विषय न राहता विद्येचा विषय झाला. नाव नसलेली बंदूक जरी हाती आली तरी दस्त्याची कमान, डबीच्या झाकणाची वेलबुट्टी, कोरीव कामातील पान कोणत्या बाजूला वळते, ह्यांवरून जाणकार माणूस ती कोणत्या परगण्यातील आहे हे सांगतो. आपल्याकडे एखादी आजी लुगड्याचा नुसता काठ बोटांत धरून ते नागपुरी की इरकली हे सांगते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की त्यांनी आजीचे ज्ञान लिहून काढले.

त्या मंडळींच्या भक्तीत भाबडेपणाही पुष्कळ आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. १७७५ च्या जूनमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या, आपल्या नव्हे, रायफलधाऱ्यांच्या दहा कंपन्या उभारण्याचा ठराव केला हे खरे; परंतु ही बंदूक भरावयास वेळ लागे, तिला संगीन बसत नसे, आणि स्वातंत्र्ययुद्धाचा मुख्य भार साध्या, आटे नसलेल्या बंदुकांनीच वाहिला. शिवाय तीच लांब रायफल खांद्यावर टाकून वसाहतकरी पश्चिमेकडे सरकले तेव्हा तेथील मूळच्या लोकांचे काय झाले, हा मजकूर संग्राहकांच्या लेखनात फारसा ठळकपणे आढळत नाही. बाजारातील लबाडीविषयी तर बोलावयासच नको. पुढच्या काळात टोपीवर, म्हणजे घोडा आपटताच पेटणाऱ्या स्फोटक टोपणावर, चालण्यासाठी बदललेली बंदूक पुन्हा चकमकीची करून जुन्या भावाने विकणे, ही तिकडे सर्रास चालणारी गोष्ट आहे.

इतके सारे लक्षात घेऊनही एका गोष्टीचा मला मनापासून हेवा वाटतो. विल्यम्सबर्ग येथे अठराव्या शतकातील गाव जसेच्या तसे उभे केलेले आहे. तेथील वॉलेस गसलर ह्या कारागिराने जुन्या हत्यारांनीच एक पूर्ण रायफल घडविली आणि १९६९ मध्ये त्या घडणीचा सुमारे तासाभराचा चित्रपट निघाला. माझ्या पुतण्याने तो मला मोबाईलवर दाखविला. लोखंडाची तापलेली पट्टी पहारीभोवती वाकवून तिच्या कडा थोड्या थोड्या करून जोडत नेणे, नळी आतून सरळ होईपर्यंत पोखरणे, मग आटे पाडण्यासाठी लांब लाकडी दांड्याच्या टोकाला बसविलेले इवलेसे पाते शेकडो वेळा आतबाहेर ओढणे, आणि पाते आणखी केसभर खोल जावे म्हणून त्याच्याखाली प्रत्येक वेळी कागदाचा एक कपटा सरकविणे, हे पाहता पाहता रात्रीचे अकरा वाजले. कागदाच्या कपट्याने लोखंड मोजणारा तो माणूस आमच्या मिस्त्रीचा सख्खा भाऊ शोभला असता. अंतर एवढेच, की एकाचा चित्रपट झाला आणि दुसऱ्याचे खरे नावही मला ठाऊक नाही. मिस्त्री हे नाव नव्हे.

आता आपल्या बंदुकीकडे वळू. मराठी मुलखात दीर्घकाळ चालली ती तोड्याची बंदूक: सुताची जळती दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, चाप ओढताच खाली येऊन कानावरच्या रंजकेला टेके आणि आतला बार उडे. युरोपात चकमक आली, नंतर टोपी आली, तरीही आपल्याकडे तोडा पुष्कळ काळ टिकला तो अज्ञानामुळे असे इंग्रज ग्रंथकार सुचवितात, ते मला पटत नाही. चकमकीच्या यंत्राला नेमक्या ताणाची कमान लागते, योग्य जातीचा दगड लागतो, आणि रानात ते मोडले तर बंदूक काठीइतकीही उपयोगाची राहत नाही. तोड्याच्या यंत्रात बिघडण्यासारखे जवळजवळ काहीच नसते आणि बिघडलेच तर नांगराचा फाळ शेवटणारा कोणताही लोहार ते दुपारपर्यंत नीट करून देतो. आपल्याकडील नळी घडविण्याची रीतही पाहण्यासारखी होती. लोखंडाची चपटी पट्टी सळईभोवती वेलीसारखी पिळे देत गुंडाळायची, पिळ्याला पिळा भट्टीत तापवून ठोकून एकजीव करायचा, आणि मग आतून बरमा फिरवायचा. ह्यामुळे जोड नळीच्या लांबीने सरळ न जाता फिरत जातो आणि दारूच्या धक्क्याला नळी उभी चिरत नाही. घासून, आंबट लावून ती उजळली म्हणजे पिळ्यांची लहरदार नक्षी वर येते. पूर्वेला चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याचा डोंगर लोहखनिजाने भरलेला, आणि जंगलात शिसव वाटेल तेवढी. कारागिराला आणखी काय पाहिजे?

भोसल्यांच्या फौजेला बंदुका लागत आणि त्या दुरुस्त करणारी माणसेही लागत. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदी ही सरहद्द ठरली, १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले, आणि शिलेखान्यांच्या आश्रयाने जगणाऱ्या ह्या लोकांपैकी बरेच जण खेड्यांत पांगून फाळ, विळे आणि वखराच्या पाशी करू लागले असावेत. सत्तावन्नच्या उठावानंतर सरकारने ठिकठिकाणी हत्यारे काढून घेतली. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला तो १८६२ साली. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा जन्मच निःशस्त्रीकरणानंतरचा. व्हाइसरॉय लिटनच्या अमदानीत १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि बंदूक ही परवान्याची, म्हणजेच साहेबाच्या मर्जीची, वस्तू झाली. त्यानंतर बंदूकसाज म्हणून आपली ओळख सांगण्यात कोणत्या लोहाराचे हित होते? खूण पाटीच्या आतल्या बाजूला का गेली, ह्याचे उत्तर मला येथे सापडते. अर्थात हा माझा तर्क आहे, आणि एका पाटीवर उभा आहे.

येथे वाचक विचारील, आणि त्याने विचारावेच, की गांधींच्या वर्ध्यात बसून तुम्ही बंदुकांचे गोडवे कसले गाता? ह्या आक्षेपाला मी दोन प्रकारे उत्तर देतो. पहिले असे, की ज्या गांधींनी पुढे सेवाग्रामला झोपडी बांधली त्यांनीच ३० जानेवारी १९३० च्या 'यंग इंडिया'त व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत लोकांच्या नियंत्रणाखाली आत्मसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक मागणी होती. आणि ह्याच प्रश्नावर १९२७ साली नागपुरात मंचरशा आवारींनी हत्यारे घेऊन उघड मिरवण्याचा जो सत्याग्रह केला त्याला मात्र गांधींनी आपला आशीर्वाद दिला नाही. हत्याराविषयीचा त्यांचा विचार आपल्या सोयीच्या चौकटीत बसण्याइतका सोपा नव्हता. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. मगनवाडीत १९३८ साली गांधींच्या हस्ते जे मगन संग्रहालय उघडले ते राजांच्या दागिन्यांसाठी नव्हते, खेड्यातील माणसाच्या हातांसाठी होते: चरखा, घाणी, कागद, मातीकाम. हाताने केलेली वस्तू ही शिकलेल्या बुद्धीची साक्ष असते, हा त्या संग्रहालयाचा पाया. सरळ, न फुटणारी नळी घडविणारा हात हा त्याच बिरादरीतला आहे. त्याच्या हातच्या वस्तूचा उपयोग आपल्याला नापसंत असेल. त्याचे कसब नापसंत करण्याचे कारण नाही. आणि नापसंतीच दाखवावयाची तर ज्या जिल्ह्यात पुलगावचे अवाढव्य दारूगोळा भांडार सुखेनैव नांदते त्याने एका गंजलेल्या ठासणीच्या बंदुकीपुढे नाक मुरडावे, हे जरा विचित्रच दिसते.

तेव्हा प्रश्न कायद्याचा उरतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ठासणीच्या बंदुकीचा दोन ठिकाणी विचार आहे. कलम १३ अन्वये पिकाच्या प्रामाणिक रक्षणासाठी तिचा परवाना मिळू शकतो. हे शेतकऱ्याच्या सोयीचे कलम आहे आणि आमची बंदूक त्याच्याच आधारे घरात होती. कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे. पण ती केव्हा, तर दुरुस्ती करूनही अथवा न करताही ज्यांचा बंदूक म्हणून वापर होऊ शकणार नाही तेव्हाच. ह्यातील मेख पाहा. ठासणीची बंदूक ही मुळातच अशी वस्तू आहे की नळी शाबूत असेल तर गावचा लोहार तिला पुन्हा बोलती करू शकतो; हाच तर तिचा गुण. म्हणजे ती जितकी उत्तम घडविलेली, जितकी उत्तम राखलेली, तितकी ती सवलतीपासून दूर. आणि जी कोणी घणाने ठेचली ती मात्र निर्धास्तपणे दिवाणखान्यात टांगावी. परवान्यावर ठेवावी म्हटले तर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनावर आणली आणि वारसाहक्काने आलेल्या बंदुकाही त्याच मोजणीत धरल्या. मर्यादेला माझा विरोध नाही. परंतु आजोबांची बंदूक आणि बाजारातून काल आणलेली बंदूक ही एकाच तागडीत पडली म्हणजे घरातील तरुण कोणती ठेवील आणि कोणती जमा करील हे सांगावयास ज्योतिषी नको.

दुसरी बाजू मी जाणतो. गडचिरोलीच्या जंगलात हीच बंदूक, जिला तिकडे भरमार म्हणतात, नक्षलवाद्यांच्या हाती सापडते. चोरटे शिकारी तिचाच वापर करतात. आणि आपल्या जिल्ह्यातील बोरच्या अरण्याला २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळालेला आहे. म्हणून जुन्या बंदुका घरोघर चालू स्थितीत राहाव्यात असे मी म्हणत नाही. संग्राहकांना मोकळे रान द्यावे असेही म्हणत नाही; आपल्याकडे अशा मोकळ्या रानात शोभेच्या नकली बंदुका घेऊन दलाल आधी पोहोचतात. माझे म्हणणे इतकेच, की मालखान्यात जमा झालेली ठासणीची किंवा तोड्याची बंदूक मोडीत घालण्यापूर्वी तिचा फोटो निघावा, नळीची लांबी, दस्त्याचे लाकूड, खुणा, मालकाचे गाव ह्यांची नोंद व्हावी, आणि पुराणवस्तूंच्या जाणकाराने ती एकदा हाती घेऊन पाहावी. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून उभा आहे आणि तेथे शस्त्रांचे दालनही आहे. वर्ध्याहून नागपूर रेल्वेने दीड तासाच्या आत येते. ज्या बंदुका ठेवण्याजोग्या ठरतील त्यांचे टोपी बसविण्याचे बोंडूक काढून वेगळे मोहोरबंद ठेवावे. त्याने बंदूक मुकी होते पण मरत नाही, आणि नळीला भोक पाडण्यापेक्षा ही रीत शंभर पटींनी शहाणपणाची आहे. जिल्हाधिकारी कचेरीच्या परवाना शाखेत ह्या बंदुकांची रजिस्टरे आहेतच; त्यांतील जुन्या नोंदी वाचून एक यादी करणे हे एखाद्या इतिहासाच्या विद्यार्थ्याचे सहा महिन्यांचे काम आहे, त्यासाठी लंडनला जावे लागत नाही. आणि केंद्राने कलम ४५ मधील ती अट नोंदणी झालेल्या पुराणवस्तूंपुरती सैल करावी, हे काम आपल्या खासदारांचे.

१९७२ च्या पुरावस्तू अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांवरील कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी रीतीने परदेशी नेता येत नाही. परदेशी जाण्यापासून कायद्याने वाचविलेली वस्तू येथेच भट्टीत जाऊ नये, एवढी तरी सुसंगती कायद्याकडून अपेक्षावी की नाही?

आमच्या मिस्त्रीचा मुलगा पुढे हिंगणघाटच्या बाजूस गेला असे ऐकले. त्याच्यानंतर गावात भाता राहिला नाही. तेव्हा आता एक विनंती आहे. आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी ह्या तहसिलींत ज्यांच्या घरी जुनी अवजारे पडून आहेत, मग ती बंदूक असो, विळा असो, अडकित्ता असो की वखराची पास असो, त्यांनी ती एकवार उलटून आतल्या बाजूने पाहावी. तीन टिंबे आणि त्यांच्याखाली चंद्रकोर अशी खूण आढळली तर ती कोणाच्या घरची, तो लोहार कोणत्या गावचा आणि त्याचे नाव काय, हे ह्या पत्राच्या संपादकांकडे एका कार्डावर लिहून कळवावे. पाटी माझ्या खणात आहे. कोणीही येऊन ताडून पाहू शकतो.